अकरावा चमचा

बाबा अकराव्या चमच्याला खोकले.

सकाळी बाराव्याला खोकले होते, आदल्या संध्याकाळी दहाव्याला. मी शाळेत गणित शिकवते. मोजायची खोड जुनीच आहे, आणि त्या आठवड्यात माझ्या हातात मोजण्याखेरीज दुसरं काही उरलंही नव्हतं. पहिले सात-आठ चमचे सुरळीत जायचे. बाबा तोंड उघडायचे, मिटायचे, शिकवल्याप्रमाणे हनुवटी छातीकडे झुकवायचे, गळ्यातली घाटी वर जाऊन खाली यायची, आणि मग कुठे मी श्वास सोडायची. नवव्याला त्यांची भुवई जराशी हलायची. दहाव्याला डोळ्यांत पाणी. आणि मग तो खोकला यायचा, ओला, खोलवरचा, थांबता न थांबणारा. मी वाटी पलंगावरच टाकून त्यांना पुढे वाकवायची आणि आई दारातून "हळू व, हळू" म्हणत राहायची. बाहेर भिलाईतल्या सुपेल्याच्या चौकात ट्रकवाल्यांचे हॉर्न चालूच असायचे.

पक्षाघाताचा झटका येऊन त्यांना महिना होत आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. आम्हाला आधी बोलणं गेल्याचंच जास्त दुःख झालं होतं. गिळणं म्हणजे काय चीज असते हे नंतर कळलं. दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने मायेने त्यांना दोन घोट चहा पाजला. तो चहा फुप्फुसात उतरला आणि बाबा न्यूमोनिया घेऊन पुन्हा दवाखान्यात. तेव्हापासून नाकातून पोटात गेलेली नळी हेच त्यांचं तोंड झालं. दूध, डाळीचं पाणी, औषधं, सगळं मोठ्या सिरिंजने त्या नळीतून. ती त्यांनी दोनदा उपटून काढली. दुसऱ्या वेळेनंतर त्यांचा धड असलेला डावा हात पट्टीने पलंगाला बांधून ठेवला होता. त्या हाताकडे ते ज्या नजरेने बघत होते, ती मला आजही आठवायला नको वाटते.

घरी सोडताना डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणाले. पुढच्या गुरुवारी आणा, तोवर घरी रोज चमच्याने थोडी पेज भरवून सराव करा. घट्टसर पेजेची एक वाटी न खोकता गिळता आली तर ही नळी काढून टाकू आणि हळूहळू तोंडाने सुरू करू. नाही आली तर पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवावी लागेल, आणि मग तोंडाने खाण्याची आशा फारशी धरू नका. हे सगळं बाबांच्या पलंगाशी उभं राहूनच बोलणं झालं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं आणि कळतही सगळं होतं. ही गोष्ट आम्ही सगळेच विसरत होतो. मी तर जास्तच.

दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला घट्टपणाची परीक्षा दाखवली. चमचा भरायचा आणि तिरपा करायचा. पेज एकसंध घसरून पडली पाहिजे. धार लागली तर पातळ, आणि पातळ पेज श्वासनळीत शिरते. चमच्याला चिकटून बसली तर जास्त घट्ट. "मधोमध पाहिजे," त्या म्हणाल्या. भिलाई-तीनच्या माझ्या घरून मी शाळेत रजा टाकून आले होते, ती या मधोमधसाठी.

पण आमच्या घरात पेज म्हटली की ती एक कधीच नसते. आईचं माहेर वर्ध्याकडचं, त्यामुळे तिची पेज म्हणजे ज्वारीच्या कण्या. ज्वारीला पाण्याचा हात लावायचा, कांडायची, जाडसर भरडायची, चाळून पीठ वेगळं काढायचं. मग उकळत्या पाण्यात मीठ घालून कण्या सोडायच्या आणि दाणा फुटेपर्यंत घोटत बसायचं. शेवटी ताक आणि जिरं. बाबांसाठी ती शिजलेल्या कण्या पुन्हा मिक्सरमधून काढून गाळून घ्यायची आणि गाळता गाळता बडबडायची, की कण्या गाळायचा दिवस पाहायला मी कायले जिवंत राहिली. आंबील हा तिचा दुसरा हुकमी पदार्थ. पण त्या आंबट वासाने बाबांच्या तोंडाला इतकं पाणी सुटायचं की तेच गिळता गिळता ते दमायचे, म्हणून आंबील बंद केली.

माझी पेज पुस्तकी. दलिया आणि ओट्स कोरडे भाजून मिक्सरमध्ये दळायचे, मोजायच्या कपाने पीठ, त्याच कपाने पाणी, घड्याळ लावून सात मिनिटं. आईने पहिल्याच दिवशी पातेल्यात डोकावून निकाल दिला, "हे पेज होय का खळ? पोस्टर चिकटवाले बरी हाय." चवीचं मी काही म्हणत नाही, पण माझी खळ रोज सारखीच घट्ट असायची.

तिसरी पेज भावजयीची. माझ्या धाकट्या भावाची ही बायको बेमेतराकडच्या खेड्यातली, छत्तीसगढी. घरात येऊन चार वर्षं झाली. आमच्यासारखं मराठी बोलायला शिकली, आईला आई आणि मला ताई म्हणायला शिकली. पण चिडली की हिंदीत जायची आणि फार चिडली की छत्तीसगढीत. ती तांदळाची कनकी, म्हणजे कणी, लोखंडी कढईत वास सुटेपर्यंत भाजायची, जाडसर दळायची, आधी थंड पाण्यात कालवायची म्हणजे गुठळी होत नाही, आणि मंद आचेवर हलवत राहायची. त्यात मीठ आणि किसलेल्या आल्याचा रस, बस. उन्हाळ्यात ती बासी करायची, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर. बाबा आईच्या नकळत मागच्या अंगणात बसून वाडगाभर बासी खायचे आणि आई विचारायची तेव्हा साळसूदपणे म्हणायचे, "नाई बाप्पा, भूकच नाई."

तर पहिल्या दिवशी, गुरुवारी, पेज भावजयीची होती आणि चमचा माझ्या हातात. भरवायचं काम मी दुसऱ्या कोणालाच देत नव्हते. आईने चहा पाजून काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि भावजयीवर टाकावं इतका माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझा स्वतःखेरीज कोणावरच विश्वास नसतो. नवरा म्हणतो, तुला वर्गात चाळीस पोरं लागतात, नाही तर तू घरातल्यांचा वर्ग घेतेस. मी बाबांच्या छातीवर त्यांचा गमछा पसरला, वाटी घेतली आणि सुरू केलं. तीन चमचे झाले असतील. दारात उभी असलेली भावजय म्हणाली, "ताई, जूठा चम्मच वापस वाटीत मत टाका ना. दूसरा चम्मच..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या घरात 'उष्टं' हा शब्द चालत नाही. बाबांच्या आजोबांनी गावात दुसऱ्यांच्या लग्नपंगतीतलं उरलेलं, पत्रावळीतलं अन्न टोपलीत गोळा करून आणलं आणि पोरांना जगवलं. बाबांनी लहानपणी ते खाल्लेलं होतं. पुढे भिलाईला प्लांटमध्ये लागले, क्वार्टर मिळालं, नंतर सुपेल्याच्या मागे हे तीन खोल्यांचं घर बांधलं. आणि त्या घरात त्यांनी एकच कायदा केला, की इथे कोणाचंच उष्टं नाही. एका ताटात जेवायचं, एकाच्या पेल्यातलं दुसऱ्याने प्यायचं. आलेल्या पाहुण्याला ते स्वतःच्या ताटातली भाकर मोडून द्यायचे आणि तो खातो की नाही ते बघायचे. जो खायचा नाही त्याला चहा विचारायचे नाहीत. भावजय लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच जेवणात त्यांनी आपल्या हातातला अर्धा खाल्लेला लाडू तिच्यापुढे धरला. ती बावरली, पदर पुढे ओढला. बाबा म्हणाले, "खाय बेटा. ह्या घरात उष्टं नसते." तिने खाल्ला. तेव्हापासून ती त्यांची लाडकी.

म्हणून तिच्या तोंडून 'जूठा चम्मच' ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. त्या माणसाच्या तोंडातून आलेला चमचा, त्याच्याच वाटीत, आणि त्याचं हिला वावडं? आजारी माणसाची किळस येते की काय हिला, असंही मनात येऊन गेलं. "बाबाईच्या समोर हे बोलून राहिली तू?" मी म्हणाले. "ह्या घरात उष्टं मानत नाई. चार वर्षांत एवढं तरी समजलं पायजे होतं तुले." तिचा चेहरा उतरला. काही तरी सांगायला तिने पुन्हा तोंड उघडलं, पण मी पाठ फिरवून चौथा चमचा भरला होता. ती निघून गेली. मला आपण घराची लाज राखल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी बाबा बाराव्याला खोकले.

शुक्रवारपासून त्यांनी नवीनच त्रास सुरू केला. चमचा तोंडातून बाहेर आला की डाव्या हाताने तो माझ्या हातातून हिसकायचा आणि छातीवरच्या गमछ्याला पुसायचा. मागे, पुढे, कोरडा होईपर्यंत. मग परत द्यायचा. पुढच्या चमच्याला पुन्हा तेच. यात एवढा वेळ जायचा की दुपारच्या वाटीला सहा चमच्यांतच ते दमले आणि मान टाकून पडून राहिले. मला रडू येईल इतकी चीड आली. गमछा बरबटला, चादर बरबटली, आणि गुरुवार काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

"प्लांटची सवय हाय त्याईची," आई म्हणाली. ते मलाही पटलं. बाबांची सगळी नोकरी पोलाद वितळवणाऱ्या शॉपमध्ये गेली. लांब दांड्याच्या चमच्याने भट्टीतल्या पातळ पोलादाचा नमुना काढायचा, हे कित्येक वर्षं त्यांचं काम होतं. तो चमचा ओला असता कामा नये. ओला चमचा त्या रसात गेला तर रस उसळतो आणि समोरचा माणूस जातो. घरीसुद्धा मिठाच्या बरणीत, लोणच्यात कोणी ओला चमचा घातला की ते जेवणावरून उठून यायचे. तेव्हा आम्ही ठरवलं की डोक्यात झालेल्या बिघाडामुळे जुनं काही तरी वर आलं आहे. शनिवारी सकाळी मी त्यांच्या छातीवरचा गमछाच काढून घेतला आणि त्या जागी लहान मुलांना बांधतात तसलं प्लास्टिकचं लाळेरं बांधलं. चमचा पुसायला काही उरलं नाही. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात खाली ठेवला. त्यानंतर तो हात त्यांनी वर केला नाही.

रविवारी दुपारी पेज पुन्हा भावजयीची होती. वाटी हातात आली तेव्हा मी चमचा तिरपा करून पाहिला. पेज छान घसरली. नऊ चमचे गेले. दहावा भरताना मला दिसलं, की वाटीतली पेज पाण्यासारखी झाली आहे. सरळ धार लागत होती. मी घाबरले, पण चमचा तोंडाशी पोचला होता. बाबा जे खोकायला लागले ते ओठ निळसर होईपर्यंत. आईने किंकाळी फोडली. भाऊ दुसऱ्या पाळीला हथखोजच्या कारखान्यात निघण्यासाठी बूट घालत होता, तो एका पायात बूट घालून धावत आला. आम्ही दोघांनी त्यांना उचलून बसवलं. पाच मिनिटांनी श्वास ताळ्यावर आला. संध्याकाळी अंगात कणकण होती, आणि न्यूमोनिया हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या क्षणी मी तशीच स्वयंपाकघरात गेले. भावजय ओट्याशी उभी होती, हातात पातेलं.

"पाणी टाकलं ना तूनं?"

"नाई ताई."

"वरून घट्ट अन् खालून पाणी, असं आपोआप होते का? लवकर संपावं म्हणून टाकलं तूनं."

"दीदी, मैंने पानी नहीं डाला," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला, "पानी नइ डारे हँव दीदी! मोर बाबूजी नो हे का?" पाणी नाही टाकलं, माझे बाबा नाहीत का ते, असं ती विचारत होती.

आणि मी म्हणाले, "तुमच्या गावात पेज पाण्यासारखी पितात ना, तिथं पीत जा. इथं माणसाचा जीव हाय. उद्यापासून त्याईच्या वाटीले हात नको लावू."

भावाने दारातून हे ऐकलं. त्याने दुसरा बूट घातला आणि तो गेला. आतल्या खोलीत बाबा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडले होते. भिंत एकाच विटेची आहे. त्यांनीही ऐकलंच असणार, पण तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी आईच्या कण्या. दहाव्याला पाणी. आईने पदराने डोळे टिपले आणि ताकाला दोष दिला, मग जुन्या ज्वारीला, मग स्वतःला. "माया हाताले लागलं काही तरी," ती म्हणाली, "चहा बी म्याच पाजला." तिला समजवायचं सोडून मी म्हणाले, उद्या सगळं मी करते, कोणी स्वयंपाकघरात यायचं नाही. गुरुवारला तीन दिवस राहिले होते.

मंगळवारी दुपारी मी दार लोटून घेतलं आणि माझी खळ केली. मोजून पीठ, मोजून पाणी, सात मिनिटं. चमचा तिरपा करून तीनदा परीक्षा घेतली. पातेल्यातली अर्धी वाटीत काढली, अर्धी तशीच ठेवली. मीच केली, मीच वाढली, मीच भरवली. बाबा अकराव्या चमच्याला खोकले.

या खेपेला खोकला लवकर शमला. त्यांना उशीवर टेकवून मी वाटी घेऊन ओट्याशी आले आणि चमचा तिरपा केला. पाणी. मग पातेल्यात चमचा घातला आणि तिरपा केला. घट्ट, मधोमध, जशी केली तशी. एकाच हाताची, एकाच आचेवरची, एकाच वेळेची पेज. वाटीतली पाणी झाली आणि पातेल्यातली जागची हलली नाही. पाणी टाकायला तिथे कोणी आलंच नव्हतं. वाटीला माझ्या हाताखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. वाटीत गेला होता फक्त चमचा, आणि तो प्रत्येक वेळी बाबांच्या तोंडातून लाळेने भरून परत आला होता. त्यांच्या तोंडाला लाळ तर इतकी सुटायची, की लाळेरं चिंब व्हायचं.

जूठा चम्मच वापस वाटीत मत टाका ना. दूसरा चम्मच.

तरीही मला पुरावा हवा होता, कारण माझ्यासारख्या बाईला चूक मान्य करायलाही पुरावा लागतो. पातेल्यातली उरलेली पेज मी दोन वाट्यांत सारखी वाढली. एकीत स्वच्छ चमचा फिरवला. दुसरीतली पेज चमच्याने तोंडात घेतली, तोच चमचा परत वाटीत बुडवला, ढवळला, पुन्हा तोंडात, पुन्हा वाटीत, सात-आठ वेळा. मग स्टुलावर बसून घड्याळ बघत राहिले. दहा मिनिटांनी पहिल्या वाटीतला चमचा तिरपा केला, पेज एकसंध घसरली. दुसऱ्या वाटीतला केला आणि धार लागली. विज्ञानाच्या बाई आमच्या शाळेत दर वर्षी हेच तर शिकवतात, की लाळेने पिठाचं पाणी होतं, पचन तोंडापासून सुरू होतं. मी त्या वर्गाच्या शेजारच्या वर्गात गणित शिकवते. उष्टं मानत नाही या अभिमानात मी सहा दिवस बाबांच्या वाटीत लाळ कालवत होते, त्यांचं पाणी करून त्यांनाच पाजत होते, आणि पाणी टाकल्याचा आळ दुसरीवर घेतला होता. माझी मलाच शिसारी आली.

भावजय मागच्या अंगणात सूप घेऊन बसली होती. सुपात कनकी होती आणि ती खडे निवडत होती.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"बाबूजींसाठी," ती मान वर न करता म्हणाली. "आज नाही तर उद्या मागाल, म्हणून."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं, दोन वाट्यांचंसुद्धा. माफ कर म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाहीत आणि त्या दिवशीही नीट निघाले नाहीत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्याकडे बासीच्या हंडीत कोणी जूठा हात टाकत नाही. टाकला तर पनिया जाते, पाणी होते सगळं. माझी माय बोलायची. जात-पात का नहीं था वो, ताई. मैं वही बोल रही थी."

"मी बोलू दिलं नाई तुले."

"नहीं दिया," ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली. ते तिने मला माफ केल्यासारखं वाटलं नाही, आणि तिने लगेच करावं असं मला म्हणताही येत नव्हतं.

बुधवारी तिची पेज, आणि दोन वाट्या, दोन चमचे. मोठ्या वाटीतून कोरड्या चमच्याने छोट्या वाटीत दोनच घास काढायचे, तेवढेच बाबांच्या चमच्याने भरवायचे, मोठ्या वाटीला त्यांचा चमचा लागू द्यायचा नाही. मी त्यांच्या छातीवरून ते लाळेरं काढलं आणि धुतलेला गमछा पसरला. बाबांनी डावा हात त्यावर ठेवला. नववा चमचा. भुवई हलली नाही. दहावा. मी मोजत होते. अकरावा त्यांनी तोंडात घेतला, हनुवटी खाली केली, घाटी वर गेली, खाली आली. बारावा. तेरावा. दारात आई भिंतीला धरून उभी होती आणि तिच्यामागे भावजय. अठराव्या चमच्याला वाटी संपली.

गुरुवारी सकाळी पेजेचा डबा घेऊन आम्ही रिक्षाने दवाखान्यात निघालो. पण एका दिवसाचा काय भरवसा धरणार? अंगातली कणकण गेली होती, पण छातीत काही उतरलं असेल तर ते तपासल्यावरच कळणार होतं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली, पाठ ऐकली. मग गिळण्याच्या व्यायामवाल्या बाईंनी डबा उघडायला सांगितलं, दोन बोटं बाबांच्या गळ्यावर ठेवली आणि मला भरवायला खुणावलं. माझा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. मी चमचा भावजयीला दिला. तिने वाटीतून वाटीत काढून, कोरडा वेगळा आणि ओला वेगळा, एकेक घास असा भरवला, की आयुष्यभर हेच करत आली असावी. त्या बाई बोटांनी ऐकत होत्या. वाटी संपली. त्यांनी बाबांना "आ" म्हणायला लावलं. घोगरा, अर्धवट, पण कोरडा आवाज निघाला. बाई डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "काढा."

नळी निघताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. आई तिथेच बाकावर बसून हमसाहमशी रडली. मीही रडले, आणि कोणी बघतंय याची पर्वा केली नाही.

संध्याकाळी घरी त्यांना उशा लावून बसवलं. भावजयीने पेज आणली. या वेळी बाबांनी डाव्या हाताने चमचा स्वतःच धरला. हळूहळू, सांडत, ते स्वतः खात होते. मोठी वाटी लांब स्टुलावर, छोटी त्यांच्या पुढ्यात, आणि तिच्यात भावजय कोरड्या चमच्याने दोन-दोन घास वाढत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, तुमाले माहीत होतं? म्हणून चमचा पुसत होते का तुमी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून भावजयीकडे बघितलं आणि तिकडेच बघत राहिले. पहिल्या दिवशी ती दारातून काय म्हणाली ते त्या खोलीत दोघांनी ऐकलं होतं. मी तिचं तोंड बंद केलं, आणि त्यांनी तिचं म्हणणं मानलं. ज्यांनी या घरात उष्टं बंद केलं, तेच सगळ्यांत आधी चमचा पुसायला लागले होते. सांगायला त्यांच्याजवळ तेवढा एक गमछा होता आणि तो मी काढून घेतला होता.

वाटीत शेवटचा घास राहिला. बाबांनी तो चमच्यात घेतला, आपल्या तोंडाशी नेला, ओठांना लावला, आणि मग हात लांब करून भावजयीपुढे धरला. तिने पदर सावरला. माझ्याकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही, पुढे वाकून तो घास खाल्ला.

मग बाबांनी चमचा छातीवरच्या गमछ्याला पुसला, मागून, पुढून, कोरडा होईपर्यंत, आणि माझ्या हातात ठेवला.